वाघमारे साहेबांचं कॉपी-पेस्ट

वाघमारे साहेबांचा झेरॉक्स मशीनवर राग होता. साधासुधा नाही, भाऊबंदकीत असतो तसला. कुठे कागदाची प्रत द्यायची असली की ते मूळ कागद समोर ठेवायचे, पेन्सिलला टोक करायचे आणि अख्खा कागद हाताने उतरवून द्यायचे. एकदा गॅस एजन्सीने त्यांच्याकडे रेशनकार्डाची प्रत मागितली. साहेबांनी रेशनकार्डाचं चित्र काढून नेलं. रेघा, रकाने, नावं, कोपऱ्यातला चहाचा डाग आणि पुरवठा अधिकाऱ्याचा गोल शिक्का. मी त्याच रस्त्याने बँकेत निघाले होते म्हणून बरोबर होते, नाहीतर पुढचा संवाद कोणी सांगितला असता तर मीही विश्वास ठेवला नसता.

गॅसवाल्याने कागद उजेडात धरला. "हे तुम्ही केलंत?"

"हो. काही चुकलंय का?"

"अहो, शिक्कासुद्धा?"

"शिक्का मूळच्यापेक्षा बरा आलाय. मूळचा पुसट होता."

त्या बिचाऱ्याने खोटी रेशनकार्डं खूप पाहिली असतील, पण खोटा शिक्का मारून वर शाबासकीची वाट पाहत उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच पाहिला असणार. पोलिसांना बोलवावं की डॉक्टरांना, हे त्याला ठरवता येईना. शेवटी मीच शेजारच्या दुकानातून झेरॉक्स काढून आणली आणि प्रकरण मिटवलं. परत येताना साहेब चौकात आल्यावर म्हणाले, "मोहिते, त्या मशीनने डाग काळा केला. तपकिरी होता तो."

मोहिते म्हणजे मी. आता मी खराडीत काचेच्या इमारतीत बसते. तिथे सकाळी एकाने लिहिलेली मेल संध्याकाळपर्यंत चाळीस जणांच्या नावावर फिरून येते आणि कोणालाच काही वाटत नाही. पण माझी पहिली नोकरी एरंडवण्यातल्या एका फ्लॅटमध्ये होती. हॉलमध्ये कॉम्प्युटर, बेडरूममध्ये परांजपे सर आणि स्वयंपाकघरात हिशेब, अशी कंपनी. दिवस असे होते की परवान्यांचं राज्य नुकतंच गेलं होतं आणि पुण्यात ज्याच्याकडे रिकामा फ्लॅट होता तो सॉफ्टवेअर काढत होता. परांजपे सरांनीही काढलं. म्हणजे फ्लॅट त्यांचा, सॉफ्टवेअर वाघमारे साहेबांनी लिहिलं.

सॉफ्टवेअरचं नाव 'रेषा'. त्यात इलेक्ट्रॉनिक सर्किटची आकृती काढायची, मग तिच्यावरून बोर्ड बनवून घ्यायचा. आमची गिऱ्हाइकं म्हणजे इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, भिंतीवरची डिजिटल घड्याळं असलं काहीबाही बनवणारे छोटे कारखानदार. 'रेषा'त सगळं होतं. फक्त कॉपी-पेस्ट नव्हतं. सर्किटचा एक तुकडा दहा वेळा लागत असेल तर तो दहा वेळा काढायचा.

गिऱ्हाइकांचे फोन मी घ्यायचे. दिवसभर एकच प्रश्न, "मॅडम, कॉपी-पेस्ट कधी येणार?" मी तो प्रश्न इमानदारीत साहेबांपुढे ठेवायचे आणि ते मान वर न करता विचारायचे, "त्यांनी काढून पाहिलं का?"

"पाहिलं असणारच. हात दुखले म्हणून तर फोन केला."

"मग सांगा, आता जमलं ना? पुढच्या वेळी लवकर होईल."

हे मी गिऱ्हाइकांना कोणत्या तोंडाने सांगायचं? मी सांगायचे, "विचार चालू आहे." पुण्यात या उत्तराने बरीच वर्षं निभावतात.

साहेब मूळचे सरकारी टेलिफोन कारखान्यातले. तिथे त्यांनी ट्रेसिंग पेपरवर शाईने सर्किटं काढली, चुकलं की ब्लेडने खरवडली. वडील रेल्वेत फिटर, धम्मदीक्षा घेतलेले, आणि मुलांच्या शिक्षणाबाबत भयंकर कडक. दुसऱ्याच्या पाटीवरचं उतरवून आणलेलं दिसलं की पाटी पुसून मुलाला पुन्हा बसवायचे. ते वळण साहेबांच्या हाडात उतरलं होतं. "नक्कल केली की माणूस बघायचं सोडतो," असं ते म्हणायचे. "पाचव्यांदा काढताना पहिल्यातली चूक दिसते, मोहिते. पाच कॉप्या काढल्या तर पाच चुका होतात." यात तथ्य नव्हतं असं नाही. पण तथ्य ऐकायला गिऱ्हाईक पैसे देत नाही, हे परांजपे सरांचं म्हणणं होतं, आणि त्यातही तथ्य होतं.

साहेब पन्नाशी ओलांडलेले, एकटे. लग्नाचं कोणी विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं," आणि हे दूध आणायचं राहून गेलं तितक्याच सहज म्हणायचे. येरवड्याला दोन खोल्या, स्वतः स्वयंपाक, स्वतः धुणं. ऑफिसात ते चहा घेत नसत. "पित्त होतं," म्हणायचे. कोणाच्या वाढदिवसाला थांबत नसत, कोणाकडे जात नसत. दिवाळीत सरांनी सगळ्यांना घरी फराळाला बोलावलं तर यांनी विचारलं, "तिथे काही काम आहे का?" नाही म्हटल्यावर आले नाहीत. त्यांना उद्धटपणा करायचा नव्हता. काम नसताना माणसं एकमेकांकडे कशाला जातात, हे त्यांना खरंच उमगत नव्हतं.

मात्र गिऱ्हाइकाचं अडलं की साहेब स्वतः जायचे. फ्लॉपीचा डबा पिशवीत टाकायचे, बसने जायचे, शेजारी बसून आकृती पुरी करून द्यायचे. आणि सगळ्यात जास्त अडायचं ते कसबा पेठेतल्या शालिनीताईंचं. दर शनिवारी अडायचं. अगदी नेमाने.

शालिनीताईंचा धावत्या दिव्यांचा धंदा. गणपतीच्या मांडवाला एकामागून एक दिवा लागत जातो आणि उजेड पळतोय असं वाटतं ना, ते बोर्ड त्या करायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी ते वर्कशॉप बंद केलं नाही, दोन बायका हाताशी घेऊन चालवलं. आता धावत्या दिव्यांचं सर्किट म्हणजे काय, तर प्रत्येक दिव्यामागे तेच तीन-चार तुकडे. सोळा दिवे असले की तेच सोळा वेळा काढायचं. जगात कॉपी-पेस्टची सगळ्यात जास्त गरज कोणाला असेल तर या बाईंना होती, आणि सबंध गिऱ्हाइकांत कॉपी-पेस्टबद्दल एकदाही फोन न करणाऱ्या त्याच होत्या.

मला याचं नवल वाटायचं. एका शनिवारी सरांनी मला साहेबांबरोबर पाठवलं. "तुम्ही शिकून घ्या म्हणजे ते तिकडे इतका वेळ का घालवतात ते तरी कळेल," असं म्हणाले. गेले. भांड्यांच्या दुकानावरचा माळा, अरुंद जिना, वर सोल्डरिंगच्या रोझिनचा धूर. शालिनीताई चष्मा कपाळावर चढवून बोर्डावर सोल्डरचे टाके घालत होत्या. आम्हाला पाहून म्हणाल्या, "आलात का? पुन्हा अडलंय हो साहेब. मला मेला तो माउसच धरता येत नाही."

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तांदळाच्या कणीएवढा टाका त्या हात तसूभर न हलवता घालत होत्या. अशा बाईला माउस धरता येत नाही, यावर विश्वास ठेवायला वाघमारे साहेबच हवेत. त्यांनी ठेवला. गंभीरपणे खुर्ची ओढली आणि पहिला दिवा काढायला घेतला.

ऑफिसात हा माणूस असलं काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करायचा. इथे एकेका दिव्याला पाव तास. "हा जरा डावीकडे घेऊ. शेजाऱ्याला वारा लागला पाहिजे," म्हणायचे. त्या इकडून सांगायच्या की नाशिकच्या लेकीने घर बदललं. मग दुसरा दिवा. की यंदा शिसं फार महागलं. तिसरा दिवा. साहेबांनी वडिलांच्या रेल्वेतल्या बदलीच्या गावची हकीकत सांगितली, जी मी तीन वर्षांत एकदाही ऐकली नव्हती. मध्येच चहा आला. साहेबांनी तो घेतला. मी म्हटलं, "पित्त?" तर म्हणाले, "हा आल्याचा आहे." मग दुसरा कपही घेतला. मी खिडकीतून खालच्या गल्लीतली गर्दी पाहत बसले. तिथे तिसऱ्या माणसाला काही काम नव्हतं.

परत येताना मी नुसतं म्हटलं, "वेळ लागतो नाही फार?"

"लागणारच. सोळा दिवे आहेत," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात समाधान होतं. मी यावर खूप काही बोलू शकले असते. माझी जीभ काही आखूड नाही. पण तेव्हा नुसती बसची चिल्लर मोजली.

पुढे दोन गोष्टी एकदमच घडल्या. एक, परदेशी सॉफ्टवेअर पुण्यात सीडीवर मिळायला लागलं, आणि त्यात कॉपी-पेस्ट होतं. आमची गिऱ्हाइकं गळायला लागली. दुसरी, शालिनीताईंना एका मोठ्या मंडळाच्या कमानीचं काम मिळालं. अख्खा रस्ता झाकणारी कमान, शेकड्यांनी दिवे, आणि गणपती तोंडावर.

परांजपे सरांनी साहेबांना आत बोलावलं. आमच्या कंपनीत आतलं बाहेर ऐकू यायचंच, कारण बेडरूमचं दार लागत नसे.

"वाघमारे, आपल्याला जगाबरोबर जायचंय."

"जाऊ की. पण बघत बघत जाऊ."

"कॉपी-पेस्ट पाहिजे म्हणजे पाहिजे. तुम्ही करणार नसाल तर मी करतो. मीही इंजिनियर आहे!"

साहेब बाहेर आले आणि मला म्हणाले, "सर स्वतः करणार आहेत म्हणे." इतकंच. मी मात्र तक्रारींसाठी नवी वही काढून ठेवली, कारण सर इंजिनियर होते ते सिव्हिलचे.

सरांनी दोन रविवार बसून ते केलं. पडद्यावर झकास दिसायचं. एक दिवा काढा, उचला, चिकटवा, चिकटवा, चिकटवा. सर इतके खूश की स्वतःच्या गाडीतून स्वतः फ्लॉपी घेऊन कसब्यात गेले. आणि ज्यांना माउस धरता येत नव्हता त्या शालिनीताईंनी सगळी कमान एका बैठकीत काढली, साहेबांना न विचारता. तो शनिवार साहेबांनी ऑफिसात काढला. फ्लॉपीचा डबा पिशवीत भरलेला होता, तो त्यांनी पुन्हा बाहेर काढला.

आठवड्याभरात बाईंचा फोन आला. मीच घेतला. "मोहिते मॅडम, बोर्ड बनून आले. पण दिवे धावत नाहीत हो! सगळे एकदम लागतात आणि एकदम विझतात. साहेब आहेत का?"

साहेबांनी माझ्या हातातून फोनही घेतला नाही. सरळ पिशवी उचलली. मीही मागून निघाले. वर्कशॉपमध्ये नव्या बोर्डांची चळत पडली होती. एक टेबलावर चालू होता, आणि दिव्यांची अख्खी रांग डोळे मिचकावत होती. साहेबांनी एकदाच पाहिलं.

"सगळ्यांना एकच नाव पडलंय," ते म्हणाले. "सर्किटातल्या प्रत्येक तुकड्याला आपलं वेगळं नाव लागतं. सरांनी चिकटवताना नाव बदललंच नाही. सॉफ्टवेअरला वाटलं हा एकच दिवा आहे, त्याने सगळ्यांच्या तारा एकमेकांत जोडून टाकल्या."

आता ते बोलणार, मला वाटलं. नक्कल केली की माणूस बघायचं सोडतो, वगैरे. आयुष्यभराचं म्हणणं खरं करून दाखवणारा पुरावा टेबलावर उघडझाप करत होता. पण ते बोर्डाशेजारी वाकून दिवे मोजायला लागले.

शालिनीताईच बोलल्या. "मनात हसत असाल तुम्ही."

"नाही हो. हसू कशाला?"

"तुम्हाला न विचारता केलं, चुकलंच माझं. पण साहेब, कमान केवढी आहे बघा की. तुम्ही-मी एकेक काढत बसलो तर गणपती बसून उठतील. आपलं ते बसून काढणं चांगलंय, मला काय आवडत नाही का? पण हे काम हातचं गेलं तर मी हे दुकान चालवू शकत नाही. लेक कधीची म्हणतेय, बंद कर आणि ये नाशिकला. मग जावंच लागेल."

साहेबांनी बोर्डाचं बटण बंद केलं. "कमान कधी द्यायची आहे?" विचारलं. ताईंनी तारीख सांगितली. "होईल," म्हणाले आणि जिना उतरले. चहाला थांबले नाहीत.

खाली गल्लीत भांडी ठोकायचा आवाज चालू होता, त्याच्या आडोशाने ते बोलले, नाहीतर बोलले असते की नाही कोण जाणे. "मोहिते, कॉपी-पेस्ट नीट झालं की या मला कशाला बोलावतील?"

इतक्या वर्षांत या माणसाने मला स्वतःबद्दल प्रश्न विचारला नव्हता. मी फटकळपणे म्हणाले, "आणि त्या नाशिकला गेल्या तर शनिवारी कुठे जाणार आहात?" बोलून गेल्यावर मलाच वाईट वाटलं. साहेबांनी मान हलवली आणि बसच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशीपासून ते कामाला लागले. सरांचं सगळं पुसून टाकलं आणि नव्याने लिहायला घेतलं. झालं तेव्हा मी पाहिलं, आणि खोटं कशाला सांगू, परदेशी सॉफ्टवेअरवाल्यांनी शिकून जावं असं झालं होतं. चिकटवलेल्या प्रत्येक तुकड्याला आपोआप स्वतःचं नवं नाव. कुठली तार शेजाऱ्याला जोडायची आणि कुठली नाही, तेही ते विचारून घ्यायचं. फक्त पेस्ट करण्याआधी पडद्यावर एक चौकट उघडायची. इंग्रजी अक्षरांत, मराठी प्रश्न, 'काढून पाहिलंत का?' खाली 'हो' आणि 'नाही'. काहीही दाबा, पेस्ट व्हायचंच.

"मग विचारता कशाला?" सर वैतागले.

"विचारायला काय हरकत आहे?" साहेब म्हणाले. ती चौकट राहिली.

कमान वेळेत झाली. दिवे असे पळाले की मंडळाने पुढच्या वर्षीचंही काम तिथल्या तिथे सांगून टाकलं. नाशिकचं नाव मागे पडलं. गेलेली गिऱ्हाइकं परत यायला लागली, सरांनी नवा मोबाइल घेतला आणि माझा फोन वाजायचा बंद झाला. काही अडतच नव्हतं कोणाचं.

शनिवारी आमची अर्धी सुटी. सगळे बारा वाजल्यापासून घड्याळाकडे पाहायचे. साहेब बसून असायचे. कीबोर्डची बटणं काढून कापसाने पुसायचे, पुन्हा लावायचे. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारायचे, "कसब्यातून काही तक्रार?"

"काही नाही."

"नीट पाहिलंत?"

"अहो, तक्रारच नाही तर नीट काय पाहू?"

"बरं आहे. चांगलं आहे," म्हणायचे. "सॉफ्टवेअर चांगलं झालं की असंच होतं. कोणी विचारत नाही." आणि पुन्हा बटणं काढायला घ्यायचे. असे किती शनिवार गेले कोण जाणे. मला त्या कीबोर्डकडे पाहवेनासं झालं. माझ्या मनात चारदा आलं की आपणच बाईंना फोन करावा. पण करून म्हणणार काय? की जरा काहीतरी बिघडवा हो, आमचे साहेब सुकत चाललेत?

एका शनिवारी मी पर्स उचलून निघालेच होते, तर फोन वाजला.

"मोहिते मॅडम, मी शालिनी बोलतेय, कसब्यातून."

मी आवाज दाबायला विसरले आणि मोठ्याने म्हणाले, "काही अडलं का हो?" साहेबांच्या हातातलं बटण खाली पडलं.

"काही अडलं नाही," बाई म्हणाल्या. "सगळं झकास चाललंय. म्हणूनच फोन केला. साहेबांना जरा विचारा, अडल्याशिवाय यायचं नाही असा नियम आहे का तुमच्या कंपनीत?"

मी रिसीव्हर साहेबांपुढे धरला. "घ्या. हे मला सांगता यायचं नाही."

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. "वाघमारे बोलतोय." मग ऐकत राहिले. बाईंचा आवाज खणखणीत, मला इकडे अर्धं ऐकू येत होतं. साहेब म्हणाले, "नाही, नियम तसा काही नाही." मग म्हणाले, "नाही हो, राग कसला." आणि मग अगदी हळू, खरोखरच न कळून त्यांनी विचारलं, "पण येऊन करायचं काय?"

"काही करायचं नाही," पलीकडून आलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. "नुसतं यायचं."

साहेबांनी फोन ठेवला. सवयीने पिशवी उचलली, त्यातून फ्लॉपीचा डबा काढून टेबलावर ठेवला, आणि रिकामी पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले.

"मोहिते," ते म्हणाले, "काम नसताना कोणाकडे जायचं असलं, तर बरोबर काय नेतात हो?"